नगरातील वाटांचा नवा हिशेब

आमच्या संघाच्या सभांतून गेल्या काही वर्षांत सर्वांत अधिक वेळ कोणत्या विषयावर खर्ची पडला असेल, तर तो कराच्या प्रश्नावर नव्हे की बाजारभावावर नव्हे. राजवाड्याच्या परिसरात गाडी कोठे उभी करावी, या एकाच प्रश्नावर होय. सभा संपली म्हणजे बहुतेक सभासद आपापल्या वाहनाने घरी जातात आणि ते वाहन गर्दीतून बाहेर काढावयास त्यांस पाव तास लागतो, ही गोष्ट अलाहिदा. परंतु या चर्चेत आम्हांस एक उणीव नेहमी जाणवत आली आहे. आपण गाडीविषयी बोलतो, रस्त्याविषयी बोलतो, वाहतूक पोलिसांविषयी तर फारच बोलतो. मात्र ज्या कागदावर या सर्व गोष्टींचे भवितव्य ठरते तो कागद, म्हणजे नगराची वाहतूक-योजना, कशी तयार होते, ती कोणत्या आकड्यांवर उभी असते आणि तीत फेरफार करण्याची वेळ आली म्हणजे व्यापाऱ्याने काय पाहावे, याचा अभ्यास आपल्यांत फारसा झालेला नाही.

ही वेळ आज इंदुरात आलेली आहे. सन २०२१ हे वर्ष नजरेसमोर ठेवून केलेला नगरविकासाचा आराखडा २००८ साली अंमलात आला आणि त्याची मुदत सरून गेली. नव्या आराखड्याचे काम लांबत राहिले. दरम्यान आग्रा-मुंबई मार्गावरील बसगाड्यांची राखीव पट्टी आली आणि गेली. ३१ मे २०२५ रोजी मेट्रो रेल्वेचा सुमारे सहा किलोमीटरांचा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला. नगराची काया बदलली, हिशेबाची वही मात्र जुनीच राहिली, अशी स्थिती आहे. अशा वेळी आराखडे प्रसिद्ध होतात, हरकती मागविल्या जातात, आणि व्यापारी जागा होतो तो बहुधा हरकतींची मुदत उलटल्यावर. यंदा तसे होऊ नये म्हणून हा पाठ लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. वाहतूक-योजना म्हणजे रस्ते आणि पूल यांची यादी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ती एक खतावणी असते. नगरातील माणसे दिवसभरात कोठून कोठे जातात, किती वेळा जातात आणि कशाने जातात, याची मोजणी करून तीवरून पुढील वीस वर्षांचा अंदाज बांधावयाचा, आणि त्या अंदाजास अनुसरून पैसा कोठे घालावयाचा हे ठरवावयाचे, एवढाच तिचा सांगाडा. आता व्यापाऱ्यास हे सांगावयास नको की, रोजमेळात जी नोंद झालीच नाही ती ताळेबंदात उतरणार नाही. चौकात उभे राहून केवळ वाहनेच मोजली, तर पायी जाणारा मनुष्य त्या मोजणीत सापडत नाही. घरोघर जाऊन विचारणा केली, पण अर्ध्या मैलाच्या आतील फेऱ्या क्षुल्लक म्हणून गाळल्या, तर शाळेत जाणारी मुले, भाजी आणावयास निघालेल्या गृहिणी, मंदिरात जाणारे वृद्ध आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाणारे गिऱ्हाईक, हे सारे वहीबाहेर राहतात. अशा वहीवरून योजना करणाऱ्यास नगरात मोटारीच मोटारी दिसल्या, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. नोंदीचा दोष आहे.

२००६ साली भारत सरकारने राष्ट्रीय नगर-परिवहन धोरण जाहीर केले. त्याचे मुख्य सूत्र असे की, रस्त्याची जागा वाटताना वाहनांकडे न पाहता माणसांकडे पाहावे. हे सूत्र ऐकावयास साधे आहे, पण त्याचा अर्थ हिशेबाने पाहिला म्हणजे डोळे उघडतात. २०११ च्या जनगणनेत कामावर जाणारी माणसे कशाने जातात हा प्रश्न विचारण्यात आला. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांत असलेल्या लोकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे पायी किंवा सायकलीने कामावर जात होती. मोटार, जीप अशा चारचाकीने जाणारे शंभरांत तीनही भरत नव्हते. त्यानंतर दुचाक्या आणि मोटारी पुष्कळ वाढल्या आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही बाजारातील रस्त्याची रुंदी कोणाच्या वाट्यास किती येते आणि त्या रस्त्याने जाणारी माणसे कोणत्या प्रकारची किती, यांचा मेळ घालून पाहिला तर खाते जुळत नाही.

अमेरिकेतील नगर-परिवहन अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या बाबतीत एक उपयुक्त तुलना केलेली आहे. सुमारे दहा फूट रुंदीची रस्त्याची एक पट्टी घेतली, तर खाजगी मोटारींसाठी ती दिल्यास तासाला ६०० पासून १,६०० पर्यंत माणसे तीवरून जाऊ शकतात. तीच पट्टी केवळ बसगाड्यांस राखून ठेवली, तर ४,००० पासून ८,००० पर्यंत. दोन्ही दिशांच्या सायकलींसाठी संरक्षित केली, तर ७,५०० च्या सुमारास. आणि पादपथ म्हणून सोडली, तर ९,००० च्या सुमारास. हे आकडे परदेशातील आहेत आणि आपल्याकडील दुचाकींची झुंबड त्यांत धरलेली नाही, हे खरे. पण दहा फुटांच्या त्याच जमिनीचे उत्पन्न वापरानुसार पाचपट-सातपट पालटते, ही गोष्ट जमिनीचे मोल जाणणाऱ्या वर्गाला निराळी समजावून देण्याची गरज नाही.

आता ज्या विषयावरून सभा तापतात त्या विषयाकडे येऊ. एक मोटार उभी करण्यास पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते, असे आपल्या देशातील रस्ते-अभियंते धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, अथवा सुमारे १३५ चौरस फूट. राजवाड्याजवळ, सराफ्यात किंवा कपड्याच्या बाजारात १३५ चौरस फुटांच्या गाळ्यास काय भाडे पडते आणि पागडी काय मागतात, हे वाचकांनी मनाशी आठवावे. एवढी जागा रस्त्यावर आपण कोणास देतो? सकाळी दहा वाजता दुकान उघडतेवेळी दुकानाच्या दाराशी जी गाडी येऊन उभी राहते आणि रात्री दुकान वाढवतेवेळीच हलते, तिला. ती गाडी गिऱ्हाइकाची नसते. ती आपली असते, आपल्या चिरंजीवांची असते, शेजारच्या पेढीवरील भागीदारांची असते. दहा तासांत त्या जागेने एका मनुष्याची सोय केली. तीच जागा प्रत्येकी अर्ध्या तासासाठी दिली असती, तर वीस गिऱ्हाइकांची सोय झाली असती. आणि तेथे सायकली उभ्या करावयाच्या म्हटल्या तर एका वेळी दहा मावल्या असत्या. माल गुदामात पडून राहिला तर व्याज चढते, माल फिरता राहिला तर नफा होतो, हे तत्त्व आपण कापडाला लावतो, धान्याला लावतो, सोन्याला लावतो. दाराशी उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडीस मात्र लावीत नाही.

येथे आमचा स्वतःचाच एक अपराध सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आमच्या पेढीवर चाळीस वर्षे काम केलेले एक मुनीमजी आहेत. घरापासून दुकानापर्यंत पायी येण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या दिवसांत माल एकदम आला, आत जागा नव्हती, म्हणून आम्ही कापडाच्या गठाणी दुकानाबाहेर पादपथावर रचून ठेवल्या. दोन तासांचा प्रश्न आहे, असे आम्ही हमालांस सांगितल्याचे आजही स्मरते. मुनीमजी आले, त्यांनी गठाणी पाहिल्या, आणि वळसा घालण्यासाठी पादपथावरून खाली रस्त्यावर पाय टाकला. पादपथ उंच होता, खाली डांबर उखडलेले होते, मागून लोडिंग रिक्षा येत होती. रिक्षावाल्याने गाडी वेळीच थांबविली, पण मुनीमजी पडले आणि कंबरेचे हाड मोडले. त्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. ते आता घरी बसूनच हिशेब तपासतात. पादपथ अडविल्याबद्दल फेरीवाल्यांविरुद्ध अर्ज लिहिताना आमची लेखणी तेव्हापासून अडखळते.

पादपथाच्या बाबतीत नियम नाहीत असे नाही. भारतीय रस्ते महासभेने २०१२ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पादपथाची उंची १५० मिलिमीटरांहून, म्हणजे अर्ध्या फुटाहून, अधिक असू नये असे म्हटले आहे. चालण्यासाठी मोकळी रुंदी कोठेही १.८ मीटरांहून कमी नसावी. दुकाने असलेल्या भागांत ती अडीच मीटर असावी, आणि दाट बाजारपेठेत चार मीटर. ही मोकळी रुंदी होय, हे विशेष ध्यानात ठेवावे. दुकानाची पायरी, विजेचा खांब, झाडाचा पार, पाटी, पाण्याची टाकी हे सर्व वजा जाता जे उरते ते मोजावयाचे असते. कापड विकणाऱ्याने अरज मोजताना किनार वगळावी, तसेच हे. आमच्या बाजारात फूटपट्टी घेऊन फिरल्यास कित्येक ठिकाणी मोकळी रुंदी शून्य भरेल. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अडथळ्यावाचून पादपथावरून चालण्यास मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत जवळजवळ पाचांतील एक पायी चालणारा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे न्यायालयाच्या शब्दांचे वजन कळते.

आपल्या समाजाला या प्रश्नाची एक निराळीही बाजू आहे. आपले साधुसाध्वी वाहनाचा उपयोग करीत नाहीत. चातुर्मासानंतर त्यांचा विहार पायीच होतो, आणि महामार्गांवर त्या विहारात घडलेले अपघात आपण प्रत्येकाने ऐकलेले आहेत. ईर्यासमितीनुसार पुढील चार हात भूमी पाहून पाऊल टाकावयाचे. ज्याची दृष्टी जमिनीकडे आहे त्याला मागून येणाऱ्या वाहनापासून जपणे हे मार्ग आखणाऱ्याचे काम आहे. नगरप्रवेशाचे रस्ते नव्याने आखले जातील तेव्हा त्यांच्या कडेने सलग पादमार्ग असावा, ही मागणी आपल्याइतक्या अधिकाराने दुसरा कोण करील?

रस्ता ओलांडण्याचा हिशेबही पाहून ठेवावा. दिव्यांच्या चौकात पायी जाणाऱ्याचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता २१ मीटर रुंद असेल तर त्याला साडेसतरा सेकंद लागतात. आमच्या मुनीमजींसारखा वृद्ध मनुष्य सेकंदाला ०.८ मीटर चालला तर त्यास सव्वीस सेकंदांहून अधिक वेळ लागेल. हिरवा दिवा वीस सेकंदांचा असला, तर तरुण मनुष्य पलीकडे पोहोचलेला असतो आणि वृद्ध रस्त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरापर्यंतच पोहोचलेला असतो. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यापुरता ओटा केला तर हा प्रश्न निम्म्याने हलका होतो. असल्या किरकोळ भासणाऱ्या गोष्टी योजनेच्या नकाशांत दिसत नाहीत. त्या मुद्दाम विचाराव्या लागतात.

सायकलीविषयी थोडक्यात सांगावयाचे. माळव्याची भूमी सपाट आहे. ताशी बारा किलोमीटर या संथ वेगानेही चार किलोमीटर अंतर वीस मिनिटांत तोडता येते, आणि गर्दीच्या वेळी मोटारीला याहून कमी वेळ लागेल अशी पैज मारावयास आम्ही तयार नाही. दुकानांतील कित्येक नोकर माणसे आजही सायकलीने येतात. आपण ती पाहत नाही, कारण ती मागच्या गल्लीत भिंतीस टेकवून ठेवलेली असते. रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून त्यास सायकलमार्ग म्हणणे निरर्थक होय. त्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी मोटार उभी राहते.

बसगाडीचे प्रकरण मात्र अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण त्यात इंदूरने मोठी आशा धरली आणि मोठा खर्चही केला. नगराची बससेवा २००६ पासून नव्या घडीवर बसली आणि २०१३ च्या मे महिन्यात निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरांचा मार्ग सुरू झाला. रस्त्याच्या मध्यभागी बसगाड्यांस राखीव पट्टी, मध्येच थांबे, वातानुकूलित गाड्या. विद्यार्थी, परिचारिका, दुकानांतून काम करणाऱ्या मुली या गाड्यांनी जात असत. कडेला राखीव पट्टीबाहेर अडकून पडलेले मोटारवाले मात्र रिकाम्या दिसणाऱ्या पट्टीकडे पाहून संतापत. येथे दृष्टीचा एक भ्रम आहे. ज्या पट्टीवरून दर दोन-तीन मिनिटांनी साठ माणसांची गाडी जाते ती पट्टी मधल्या वेळात रिकामीच दिसणार. आणि ज्या पट्टीत एकेक माणूस बसलेल्या मोटारी एकीस एक खेटून उभ्या आहेत ती भरलेली दिसणार. असो. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हा मार्ग काढून टाकण्याची अनुमती दिली आणि कठडे तोडण्यास प्रारंभ झाला. भोपाळचा असाच मार्ग त्याआधी वर्षभर निघाला होता. अहमदाबादचा मात्र २००९ पासून चालू आहे.

या मार्गाच्या अंताबद्दल आमच्या सभासदांत दोन तट आहेत, आणि आमचे मत आम्ही लपवू इच्छीत नाही. राखीव पट्टी ही चूक नव्हती. एकच पट्टी करून तेथेच थांबणे ही चूक होती. थांब्यापर्यंत पोहोचावयास धड पादपथ नव्हता, गल्लीबोळांतून तेथवर आणणाऱ्या लहान गाड्यांची साखळी पुरी झाली नाही, आणि जुना बाजार तर त्या मार्गापासून दूरच राहिला. मुख्य धमनी घातली, शिरा घातल्याच नाहीत. आता मेट्रोविषयीही हीच भीती आहे. तिचा सुमारे एकतीस किलोमीटरांचा वळसा पूर्ण होईल तेव्हा होईल. पण स्थानकातून बाहेर पडलेला मनुष्य पुढील अर्धा मैल कशाने जाणार, हे आजच ठरविले नाही तर तो तेथपर्यंत येणारच नाही. बसगाडीच्या बाबतीत आणखी एक साधा नियम सांगून ठेवतो: दर वीस मिनिटांनी गाडी असली तर उतारूला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते, दर सहा मिनिटांनी असली तर तीन. गाडीचा रंग, तिच्यातील गारवा, तिकिटाचे यंत्र या सर्वांहून या तीन मिनिटांचे मोल मोठे असते.

आता व्यापाऱ्याच्या मनातील मुख्य भीतीकडे वळू. बाजारातील रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला, मोटारी बाहेर ठेवल्या, तर गिऱ्हाईक येणार नाही, ते नव्या वस्तीतील मोठ्या दुकानांकडे जाईल. ही भीती खोटी नाही आणि नवीही नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात कोपनहेगन नगरातील स्ट्रॉगेट हा सुमारे १.१ किलोमीटरांचा बाजाररस्ता मोटारींस बंद केला, तेव्हा तेथील दुकानदारांनी मोठा विरोध केला होता. आज तो रस्ता त्या देशातील अग्रगण्य बाजारपेठांत मोडतो. हॉलंडमधील ग्रोनिंगन नगराने १९७७ च्या सप्टेंबरात आपल्या मध्यवस्तीचे चार भाग पाडले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाण्यास मज्जाव केला; बाहेरच्या वर्तुळमार्गाने वळसा घालून जावे, सायकलीने मात्र सरळ जावे, अशी युक्ती. तेथेही व्यापारी खवळले होते. पण थंड देशांतील या गोष्टी सांगून आपले समाधान होणार नाही, म्हणून दिल्लीकडे पाहू.

चांदणी चौक हा आपल्या राजवाड्याचाच थोरला भाऊ म्हणावा. तीच घाऊक कापडाची दुकाने, तेच सराफ, तीच तारांची जाळी, आणि तोंडाशीच आपले लाल मंदिर. लाल किल्ल्यापासून फत्तेपुरीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरांचा हा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळांत मोटारवाहनांस तेथे बंदी केली. सायकलरिक्षा ठेवल्या, मालाच्या गाड्या रात्री आणावयाच्या ठरल्या, लोंबत्या तारा जमिनीखाली घातल्या. रस्ता देखणा झाला, स्त्रिया व मुले निर्धास्त फिरू लागली. पण पुढील भाग तितकाच बोधप्रद आहे. बंदीची अंमलबजावणी सैल पडली, अडथळ्याचे खांब मोडले, दुचाक्या पुन्हा शिरल्या, आणि देखभालीविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. यावरून बांधकाम ही खर्चाची पहिली बाब असून राखण ही कायमची बाब आहे, हे उघड होते. योजनेत राखणीच्या नावे वार्षिक रक्कम किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय सुंदर चित्रांवर मान डोलवू नये.

खरे पाहता दिल्लीलाही जाण्याचे कारण नाही. आपला सराफाच पाहावा. दिवसा ज्या गल्लीत सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, तीच गल्ली रात्री दुकाने बंद झाल्यावर खाण्याच्या पदार्थांच्या ठेल्यांनी गजबजते. दूरदूरचे लोक वाहने लांब ठेवून, गर्दीतून पायी चालत तेथे येतात. त्यांस कोणी गाडी दाराशी आणावयास सांगत नाही आणि ते मागतही नाहीत. बंद दुकानांपुढे मध्यरात्रीपर्यंत माणसांचा वावर असल्याने गल्लीची राखणही होते, असे जुने सराफ सांगत. ठेले फार वाढल्यामुळे अलीकडे तक्रारी झाल्या, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि आगीच्या भयाचा प्रश्न गंभीरही आहे. तथापि इंदूरचा मनुष्य पायी चालत बाजारात येत नाही, हे विधान सराफ्यात रात्री उभे राहून करण्याचे धैर्य आमच्यात नाही.

आमच्या नगराला या विषयात एक थोर वारसाही लाभला आहे, ज्याचा आपणांस विसर पडला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात येथे आले आणि १९१८ साली त्यांनी दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. प्लेगचे दिवस होते. हा दाढीवाला गोरा गृहस्थ हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडे. तो दिसला म्हणजे लोक भयाने बोटे दाखवीत; प्लेग आणणारा साहेब तो हाच, अशी वदंता उठली होती. मोजणी करणारा आला की पाडापाडी होणार, हा रहिवाशांचा अनुभवच होता. गेडिस यांनी यावर जो उपाय केला तो त्यांच्या चरित्रकारांनी मोठ्या आवडीने वर्णिला आहे. दिवाळीला आपण एक मिरवणूक काढू, तिची सूत्रे माझ्या हाती द्या, अशी त्यांनी दरबाराकडे मागणी केली. मग जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जी आळी आपली घरे व रस्ते सर्वांत उत्तम झाडून, दुरुस्त करून ठेवील तिच्यातून जाईल. साऱ्या नगरात चढाओढ लागली. कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, कापसाच्या गठाणी होत्या, रोगराईचे राक्षस आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्यांच्यामागे स्वच्छ शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार गळ्यांत हार घालून चालत होते. आणि नगरदेवतेच्या ध्वजावर नगराचा नवा नकाशा रंगविलेला होता. शेवटी त्या राक्षसांचे व उंदराचे दहन झाले.

सरळ मोठा रस्ता काढण्यासाठी वस्तीच्या वस्ती पाडण्यास गेडिस यांचा विरोध असे. एखादे मोडके घर काढावे, एखादी कोंडी सोडवावी, झाड लावावे, वाडा मात्र राखावा, अशी त्यांची पद्धत. जणू निष्णात वैद्य जेवढे अवश्य तेवढेच चिरतो. गेल्या दहा वर्षांत बडा गणपती ते कृष्णपुरा या बाजूस रुंदीकरणासाठी घरांचे दर्शनी भाग उतरविले गेले, तेव्हा ज्यांच्या चार पिढ्या त्या माडीवर वाढल्या अशा कुटुंबांस काय वाटले असेल, हे आमच्या वाचकांपैकी काहींस सांगावयास नको. रुंद केलेल्या रस्त्यावर कडेला वाहने उभी राहिली की रुंदी जुन्याइतकीच होते. गिऱ्हाईक वाढले म्हणून आपण दुकानातील बैठक रुंद करतो आणि ती रुंद झाली म्हणून आणखी गिऱ्हाईक येते. दुकानात हे इष्ट असते. रस्त्यावर मोटारींच्या बाबतीत नेमके हेच घडते, पण तेथे त्याचे नाव नफा नसून कोंडी असे आहे.

म्हणून नवी योजना हाती येईल तेव्हा संघाने कोणत्या गोष्टींवर बोट ठेवावे? मालाची चढउतार हा आपला पहिला हक्काचा मुद्दा असला पाहिजे. पायी चालणाऱ्यांचा बाजार करावयाचा तर सियागंज, मल्हारगंज आणि कपड्याच्या बाजारात मालाच्या गाड्यांस पहाटेची व रात्रीची वेळ नेमून दिली पाहिजे, आणि हातगाड्या-हमालांसाठी जवळपास जागा राखली पाहिजे. हमालाला चारशे पावले अधिक चालावयास लावणारा सुंदर चौक आम्हांस मान्य नाही. काम सुरू करण्याची तारीख दिवाळी व लग्नसराई टाळून ठरवावी, आणि जलवाहिनी, गटार, विजेच्या तारा यांसाठी रस्ता एकदाच खणावा. दिल्लीचे काम २०१८ च्या अखेरीस सुरू होऊन २०२१ मध्ये संपले. त्यात साथीचे दिवस होते हे धरले तरी, लहान दुकानदार इतके दिवस धुळीत तग धरू शकत नाही. कायमचा बदल करण्यापूर्वी एखादा भाग काही रविवार मोकळा ठेवून पाहावा. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस केवळ पायी चालणाऱ्यांस खुला ठेवला होता, तसा प्रयोग येथे जेल रोड किंवा खजुरी बाजारात करण्यास हरकत नसावी. वाहने उभी करण्याचे शुल्क तासागणिक वाढते असावे, आणि त्याचा पैसा त्याच बाजाराच्या पादपथांवर, दिव्यांवर व स्त्रियांसाठीच्या स्वच्छतागृहांवर खर्च व्हावा. हा शेवटचा मुद्दा पुरुषांच्या सभेत नेहमी राहून जातो. गिऱ्हाइकांत स्त्रिया किती असतात हे ठाऊक असूनही राहतो.

परंतु हे मागण्यापूर्वी आपल्या हाती स्वतःचे आकडे असावेत. गिऱ्हाईक मोटारीनेच येते असे आपण सांगणार, आणि नगररचनाकार विचारणार की हे तुम्ही कशावरून म्हणता. यासाठी संघाने एक योजना आखली आहे. प्रत्येक सभासदाने सात दिवस, त्यांत एक रविवार येईल अशा बेताने, दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत: आपण कशाने आलात, आणि आज बाजारात आणखी किती दुकानांत जाणार. उत्तर तेथेच टिपावे. संध्याकाळी आठवून लिहू नये, कारण मनुष्यास मोटारवालाच अधिक आठवतो. मोटारीने आलेला कदाचित एका वेळी अधिक रकमेचा माल नेत असेल, पायी आलेला महिन्यातून अधिक वेळा येत असेल. म्हणून खरेदीची रक्कमही लिहावी. आपली व आपल्या नोकरांची वाहने दाराशी किती तास उभी होती, हेही त्याच पानावर प्रामाणिकपणे नोंदवावे. निकाल आपल्या समजुतीविरुद्ध गेला, तरी वही फाडू नये.

या नोंदीसाठी लागणाऱ्या वह्यांचे रकाने आमच्या मुनीमजींनी घरी बसून आखून दिले आहेत. पायी, सायकल, बस, रिक्षा, दुचाकी, मोटार असे सहा रकाने असून पायी येणाऱ्यांचा रकाना त्यांनी सर्वांत रुंद ठेवला आहे. वह्या संघाच्या कार्यालयात सायंकाळी पाच ते सात या वेळांत मिळतील. कार्यालयासमोर वाहन उभे करण्यास जागा नाही.